हिस्लॉपच्या मास्तरांच्या मागावर

बुधवार, अटलांटा

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातले रेव्हरंड जेम्स लॉसन जून 2024 मध्ये वारले. वय 95. मुलीने अटलांटाहून त्यांचा मृत्युलेख पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘‘बाबा, हे तुमच्या कॉलेजात मास्तर होते?’’

होते. 1953 ते 1956, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात. मी त्याच कॉलेजातून बी.ए. झालो, पुढे 33 वर्षं शाळेत इतिहास शिकवला, अमेरिकेच्या यादवी युद्धाची कारणं दरवर्षी फळ्यावर लिहिली, आणि हा माणूस मला ठाऊक नव्हता. कोणी सांगितलं नाही म्हणावं, तर मी तरी कुठे कोणाला विचारलं होतं?

म्हणून या खेपेला मुलीकडे आल्यावर नायगारा रद्द केला आणि सहा दिवसांची गाडीवाट आखली: अटलांटा, माँटगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम, नॅशव्हिल, मेम्फिस. बायकोचं म्हणणं होतं, ‘‘चर्चच बघायचे तर एवढ्या लांब कशाला? नागपूरच्या सदरमध्ये काय कमी आहेत?’’ तरी तिने धपाट्यांचा डबा भरला. गाडी मुलगी चालवणार होती.

लॉसन आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. ओहायोत वाढलेला मेथडिस्ट पाळकाचा मुलगा. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची भरती निघाली, तेव्हा याने नकार दिला आणि वर्षभराहून जास्त तुरुंगात काढलं. सुटल्यावर मेथडिस्ट चर्चने त्याला नागपूरला पाठवलं. चोविशीतला पोरगा. हिस्लॉपात शिकवायचा, मुलांचे खेळ घ्यायचा आणि गांधी वाचायचा. डिसेंबर 1955 मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये बातमी आली की माँटगोमेरी नावाच्या गावात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाळक पुढे आहे. लॉसन खोलीत एकटेच टाळ्या पिटत उड्या मारू लागले, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. पुढच्या वर्षी ते परत गेले. फेब्रुवारी 1957 मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात किंग भेटले, तेव्हा लॉसन म्हणाले की शिक्षण पुरं करून दक्षिणेत येतो. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या.

अटलांटात ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर एकाच पट्ट्यात सगळं आहे. किंग यांचं जन्मघर, एबनेझर बॅप्टिस्ट चर्च, आणि निळ्या पाण्याच्या तळ्यामधली किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा यांची संगमरवरी समाधी. जुनं चर्च लाल विटांचं, आपल्या मंगल कार्यालयापेक्षा लहान. 1974 मध्ये इथेच ऑर्गन वाजवत असताना किंग यांच्या आईला गोळी घातली गेली. मुलाचा खून सगळ्या जगाला माहीत असतो, आईचा नसतो.

रस्त्यापलीकडच्या नव्या चर्चचे मुख्य पाळक राफाएल वॉर्नॉक 2021 पासून जॉर्जियाचे सिनेटरही आहेत. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत त्यांनी धर्मशास्त्रात पीएच.डी. केली. पाळक, पंडित आणि पुढारी एकाच अंगरख्यात. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. बाबा-महाराज संसदेत पोचले की आपण आधी खिसा चाचपतो. पण इथलं गणित निराळं होतं. काळ्या शिक्षकाची नोकरी गोऱ्या शाळामंडळाच्या हातात, काळ्या मोलकरणीची गोऱ्या मालकिणीच्या. पाळकाचा पगार मात्र त्याच्याच लोकांच्या दानपेटीतून यायचा. त्याला कोणी कामावरून काढू शकत नव्हतं. घरावर बॉम्ब टाकता येत होता, आणि तो टाकलाही गेला.

किंग स्मारकाच्या आवारात गांधींचा पुतळा आहे, भारत सरकारने दिलेला. भारतीय मंडळी तिथेच फोटो काढत होती. आम्हीही काढला. नाही म्हणणार नाही, पण मन पूर्ण तिथे नव्हतं. माझ्या घरात भिंतीवर बाबासाहेब आहेत. आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा घ्यायला उमरेडकडच्या गावाहून नागपूरला चालत आली होती. लॉसन ज्या शहरात गांधी वाचत बसले, त्याच शहरात, त्याच वर्षी लाखो माणसं पांढरी वस्त्रं नेसून उतरली. एका शहरातून दोन वाटा निघाल्या. एकीवरून आमचं घर गेलं. दुसरी कुठवर गेली ते पाहायला मी निघालो होतो.

दुपारी मोअरहाऊस कॉलेज. किंग 15व्या वर्षी इथे दाखल झाले. तेव्हाचे अध्यक्ष बेंजामिन मेज, गुलामांच्या पोटी जन्मलेल्या आईबापांचा मुलगा, शिकागो विद्यापीठाचा पीएच.डी. आणि दीक्षित पाळक. मेज यांची समाधी कॉलेजच्या आवारातच आहे. दर मंगळवारी सकाळी ते चॅपलमध्ये मुलांशी बोलत, आणि त्या बोलण्यातून किंग घडले असं मानतात. 1968 मध्ये किंग यांचं अंत्यभाषण करायची वेळ याच म्हाताऱ्यावर आली.

मला मात्र इथे वर्धा आठवत होती. मेज 1936 च्या अखेरीस भारतात आले आणि वर्ध्याला जाऊन गांधींना दीड तास भेटले. अहिंसेबद्दल विचारलं, जातीबद्दलही विचारलं. जातीबद्दल त्यांना मिळालेल्या उत्तराने माझं समाधान होत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधीच न झालेलं भाषण स्वतः छापून काढलं होतं. वर्ध्याहून मुंबईची गाडी मिळत होती. मेज राजगृहावर गेले असते तर? असल्या जर-तरला परीक्षेत शून्य गुण देणारा मास्तर मी, पण त्या समाधीपाशी हाच विचार करत उभा होतो.

पुढे म्हैसूरकडे मेज एका अस्पृश्यांच्या शाळेत गेले. हेडमास्तरांनी मुलांना ओळख करून दिली: हे अमेरिकेतले अस्पृश्य. मेज यांना आधी राग आला, मग पटलं. आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेलं नाही.

बाबासाहेबांचा धागाही या शहरातून जातो. अटलांटा विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलेले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी जुलै 1946 मध्ये पत्र लिहिलं: निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत हवी आहे. महिना संपायच्या आत उत्तर आलं, तुमचं नाव मला माहीत आहे, सहानुभूती आहे. दोन प्राध्यापकांमधली दोन छोटी पत्रं. मुलीने ती फोनवर वाचून दाखवली, तेव्हा आम्ही एका बाकावर बसून धपाटे खात होतो.

गुरुवार, माँटगोमेरी

160 मैल. सकाळी घाई करून निघालो आणि एक तास लवकर पोचलो. अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे चालतं, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात नव्हतं. इतिहासाच्या मास्तराला भूगोल येत नाही, हे घरात आता कायमचं सिद्ध झालं.

डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यूवरचं चर्च राज्याच्या विधानभवनाच्या अगदी पायथ्याशी आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाने 1861 मध्ये ज्या पायऱ्यांवर शपथ घेतली, त्या इथून दिसतात. किंग 1954 मध्ये इथे पाळक म्हणून आले, तेव्हा 25 वर्षांचे होते. थोड्या अंतरावर जॅक्सन स्ट्रीटवर त्यांचं घर. 30 जानेवारी 1956 च्या रात्री तिथे बॉम्ब पडला. घरात कोरेटा आणि दोन-अडीच महिन्यांची मुलगी. ओसरीवर त्याची खूण जपली आहे. बायकोने चप्पल काढूनच पाय ठेवला. तशी गरज नव्हती, पण मी काही बोललो नाही.

बसची गोष्ट सगळ्यांना रोझा पार्क्सपासून माहीत आहे. मला त्या रात्रीची दुसरी बाई जास्त जवळची वाटते. जो अ‍ॅन रॉबिन्सन, अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापिका. 1 डिसेंबर 1955 ला संध्याकाळी, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून पार्क्स यांना अटक झाली. रॉबिन्सन मध्यरात्री एका सहकाऱ्याला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेल्या आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर सोमवारी बसमध्ये न बसण्याची पत्रकं काढत राहिल्या. एका कागदावर तीन-तीन मजकूर, मग कापायचे. हजारो. सकाळी आठला वर्गावर हजर. कॉलेज सरकारी, कागद सरकारी, शाई सरकारी. पकडल्या असत्या तर नोकरी गेलीच असती.

सायक्लोस्टाइल ज्याने चालवलं नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. आमच्या शाळेत घटक चाचणीचे पेपर त्यावरच निघायचे. स्टेन्सिल सुरकुतलं की ओळ पुसट, शाई जास्त झाली की मनगटापर्यंत काळं. 200 प्रती काढल्या की खांदा भरून यायचा. हजारो पत्रकं काढून त्या बाईने सकाळी आठला खडू कसा धरला असेल? बहिष्कार 381 दिवस चालला. 1960 मध्ये त्यांना त्या कॉलेजातून राजीनामा द्यावा लागला.

दुपारी ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाच्या संस्थेने 2018 मध्ये उभारलेलं स्मारक पाहिलं. काळ्या माणसांचं लिंचिंग, म्हणजे जमावाकडून हत्या, झालेल्या प्रत्येक परगण्यासाठी एक असे 800 हून जास्त पोलादी खांब. सुरुवातीला ते जमिनीवर उभे असतात, मग आपण उतारावरून चालत जातो आणि खांब वर जाऊ लागतात, शेवटी डोक्यावर टांगलेले. मान वर करूनच नावं वाचावी लागतात. जवळच्या संग्रहालयात काचेच्या बरण्यांचे कप्पेच्या कप्पे आहेत. जिथे माणूस मारला, तिथली माती एकेका बरणीत. वर नाव, गाव, तारीख. माती किती रंगांची असते: विटकरी, पिवळट, राखाडी, आणि एक अगदी आपल्या कपाशीच्या रानासारखी काळी. बायको त्या काळ्या बरणीसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘‘खैरलांजीची माती कोणी भरून ठेवली का हो?’’

मला उत्तर येत नव्हतं. रात्री मुक्कामी नळाला गरम पाणी नव्हतं. त्याची तक्रार करायचंही कोणाला सुचलं नाही.

शुक्रवार, सेल्मा, आणि जाता जाता बर्मिंगहॅम

ज्या रस्त्याने 1965 च्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा चालत माँटगोमेरीला आला, त्याच हायवे 80 वरून आम्ही उलटे गेलो. 54 मैल, त्यांना पाच दिवस, आम्हाला तास. गाव खालावलेलं आहे. बंद दुकानं, 2023 च्या जानेवारीतल्या वादळाने मोडलेली आणि तशीच राहिलेली घरं. एवढं मोठं नाव आणि एवढं हलाखीचं गाव. पर्यटक पुलावर फोटो काढून निघून जातात. आम्हीही त्यातलेच.

पूल गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीच्या नावाचा, एडमंड पेटस. तो मध्ये उंच आहे. अलीकडून पाहिलं तर पलीकडचं काही दिसत नाही. 7 मार्चला रांगेत चालणाऱ्यांना माथ्यावर आल्यावरच पोलिसांची भिंत दिसली. चळवळीतले तरुण नेते जॉन लुइस यांचं डोकं तिथे फुटलं. मी मुद्दाम एकटा चालत गेलो. माथ्यावर वारा जोराचा होता आणि खाली नदीचं पाणी शेवाळी.

पण मला सेल्मात यायचं होतं ते त्या आधीच्या एका मोर्चासाठी. फ्रेडरिक रीस हे शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन देत. गावातल्या मतदार संघटनेचे अध्यक्षही तेच. त्यांनी मास्तरांना विचारलं: मुलांना आपण नागरिकशास्त्र शिकवतो, आणि मतदार यादीत आपलंच नाव नाही, मग कसं शिकवता? 22 जानेवारी 1965 ला शाळा सुटल्यावर शंभरावर काळे शिक्षक रांगेने कोर्टावर निघाले. बायकांच्या डोक्यावर हॅट, हातात मोजे, पुरुष सुटाबुटात. शेरीफने पायऱ्यांवरून काठ्यांनी खाली ढकललं. ते पुन्हा चढले. आणि प्रत्येकाकडे दात घासायचा ब्रश होता. तो त्यांनी वर धरून दाखवला: तुरुंगात मुक्कामाच्या तयारीने आलो आहोत.

मी शिक्षक संघटनेच्या मोर्चांना कमी गेलो नाही. विधानभवनावर हिवाळी अधिवेशनात आमचा मोर्चा ठरलेला असायचा. वेतन आयोग, जुनी पेन्शन. आमच्या पिशवीत डबा असायचा, पाण्याची बाटली असायची, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट असायचं. टूथब्रश एकाच्याही पिशवीत नव्हता.

सेल्मातली मुलं सांगत की त्या दिवसानंतर त्यांना मास्तर वेगळेच दिसू लागले. हे कोणत्याही पगारवाढीपेक्षा मोठं आहे, असं मी म्हणालो तर मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, पेन्शन मिळतेय म्हणून बोलताय.’’

बर्मिंगहॅमला संध्याकाळी पोचलो. सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च बंद झालं होतं. 15 सप्टेंबर 1963 ला रविवारच्या शाळेच्या वेळी इथे बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. समोरच्या बागेत अंगावर येणाऱ्या पोलीस कुत्र्यांचे पुतळे आहेत, वाटेच्या दोन्ही बाजूंनी. मधून जाताना अंग चोरलं जातंच. अंधार पडू लागला आणि आम्ही निघालो.

शनिवार, नॅशव्हिल

या दिवसासाठी मी आलो होतो.

लॉसन 1958 मध्ये इथे आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेत शिकायला. दिवसा विद्यार्थी, आणि संध्याकाळी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात मास्तर. 1959 च्या शरदापासून दर आठवड्याला अहिंसक लढ्याचे वर्ग. फिस्क विद्यापीठाची डायन नॅश, अमेरिकन बॅप्टिस्ट कॉलेजचे जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल. सगळी विशीतली पोरं. आधी वाचन: येशूचं डोंगरावरचं प्रवचन, गांधी, थोरो. मग सराव. अर्धे खुर्चीवर बसायचे आणि अर्धे गुंड व्हायचे. सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीखालून लाथ, कानात घाणेरड्या शिव्या. बसलेल्याने उठायचं नाही. मार पडू लागला तर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्यावर मार पडत असेल तर मध्ये कसं जायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यात कसं बघत राहायचं. लुइस जिथे शिकत तिथे स्वयंपाकघरात भांडी घासून फी भागवत, आणि इथे येऊन मार खायला शिकत.

अहिंसा म्हणजे मनाचा मोठेपणा, संतपणा, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. गांधींशी माझं भांडण आहे त्याचं हेही एक कारण. ज्याला रोज मार पडतो त्याला क्षमा शिकवू नका, असं आमच्या वस्तीत म्हणतात आणि ते खरं आहे. पण लॉसन यांच्या तळघरात क्षमा हा विषयच नव्हता. तिथे कवायत होती. कुस्तीच्या तालमीत जशी पोरं पडायला शिकतात, तशी. संत होण्याची वाट न बघता साध्या भित्र्या पोरांना तीन महिन्यांत तयार करायचं, तेही गृहपाठ देऊन. हा मास्तरकीचा भाग आहे आणि तो मला कळतो.

नॅशव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर एक खोली या लढ्याला दिलेली आहे. मध्ये काउंटर आणि पुढे उंच स्टुलं, तेव्हाच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरसारखी. त्या काउंटरच्या पृष्ठभागावर लुइस आणि लाफायेट यांनी मुलांसाठी लिहिलेले दहा नियम कोरले आहेत. मी स्टुलावर बसलो आणि बोट फिरवत वाचले. कोणी मारलं, शिवी दिली तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड सतत काउंटरकडे. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा. ‘मोठ्याने हसू नका’ हा नियम माझ्या मनात राहिला. विशीतली पोरं घाबरली की आधी हसतात. हे ज्याने वर्ग घेतला आहे त्यालाच सुचेल.

13 फेब्रुवारी 1960 ला मुलं दुकानांतल्या गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसली. पुस्तकं काढून अभ्यास करत बसली. 27 तारखेला गुंडांनी मारलं, पोलिसांनी मार खाणाऱ्यांना पकडलं, 81 जणांना. एक तुकडी गाडीत बसली की दुसरी स्टुलांवर येऊन बसायची. पुढच्या आठवड्यात व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. तिथल्या धर्मशास्त्राच्या बहुतेक प्राध्यापकांनी निषेधात राजीनामे दिले. 19 एप्रिलला मुलांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. हजारोंचा मोर्चा निघाला, मुकाट्याने. पालिकेच्या पायऱ्यांवर डायन नॅशने महापौरांना विचारलं, रंगावरून माणसात भेद करणं तुम्हाला स्वतःला बरोबर वाटतं का? त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं, नाही वाटत. 10 मेला काउंटर खुले झाले.

ज्या विद्यापीठाने काढलं त्यानेच 2006 मध्ये लॉसन यांना अध्यापनासाठी बोलावलं. आता तिथे अहिंसक चळवळींच्या अभ्यासाची संस्था त्यांच्या नावाने चालते, आणि 2023 पासून शहरात एक सरकारी हायस्कूलही त्यांच्या नावाचं आहे. बायको म्हणाली, ‘‘आधी काढायचं, मग नाव द्यायचं. आपल्याकडे विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षं घरं जाळली.’’ मराठवाड्याची आठवण तिला निघाली ती औरंगाबादच्या तिच्या माहेरामुळे. नामांतराच्या वेळी ती शाळेत होती.

रात्री इथलं प्रसिद्ध तिखट चिकन खाल्लं. वेटरने तीनदा विचारलं की एवढं तिखट झेपेल का. सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला हा प्रश्न? तिखट होतं, पण नुसतंच. मसाला नव्हता.

रविवार, नॅशव्हिल ते मेम्फिस

सकाळी क्लार्क मेमोरियलच्या उपासनेला गेलो. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईने हात धरून आत नेलं आणि कुठून आलात विचारलं. मुलगी म्हणाली, इंडिया. बाई म्हणाल्या, ते दिसतंय, इंडियात कुठून? मी म्हणालो, नागपूर.

त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘नॅगपूर. जिम लॉसन.’’

सहा दिवसांत माझं गाव कोणी ओळखलं ते हेच. मी त्याच कॉलेजचा, असं सांगितल्यावर त्यांनी आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं.

उपासना दोन तास चालली. पाळक एक ओळ म्हणायचा आणि सभा ती झेलायची: हो, बरोबर, सांगा पुढे. मला वस्तीतले जलसे आठवत होते, शाहीर कडवं टाकतो आणि कोरस ते उचलतो. बायको टाळ्यांचा ठेका आमच्यापेक्षा आधी धरू लागली. प्रवचन मात्र घरभाडं आणि मतदार नोंदणीवर होतं. येशू अधूनमधून. निघताना तळघर बघता येईल का विचारलं. बाई म्हणाल्या, आता खाली जेवणं होतात, येता का? मेम्फिसला अंधार व्हायच्या आत पोचायचं होतं म्हणून नाही म्हणालो. हा मूर्खपणा मी पुढच्या 210 मैलांत दोघींकडून ऐकला.

सोमवार, मेम्फिस

1962 पासून लॉसन इथल्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाळक होते. 1 फेब्रुवारी 1968 ला पाऊस आला म्हणून दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला शिरले. यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघे चिरडले गेले. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. 12 तारखेला 1,300 कामगार संपावर गेले. संपाच्या समितीचे अध्यक्ष लॉसन. त्यांनी सभेत सांगितलं की वंशद्वेषाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, माणूस हा माणूस नाही असं मानणं. मग फलक निघाले: मी माणूस आहे. किंग यांना मेम्फिसला बोलावलं तेही लॉसन यांनीच.

किंग यांना जिथे गोळी घातली, ते लोरेन मोटेल आता संग्रहालय आहे. 306 क्रमांकाच्या खोलीबाहेर कठड्यावर हार लावलेला आहे, खाली त्या काळच्या गाड्या उभ्या आहेत. तिथे सगळे गप्प असतात. मला मात्र आतली कचऱ्याची गाडी आणि तिच्यासमोरचे फलक सोडवत नव्हते. ‘मी माणूस आहे.’ 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेब नेमकं हेच म्हणाले होते, की तळ्यावर जायचं ते पाणी प्यायला नव्हे, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला. या कामगारांपर्यंत ते वाक्य पोचलं होतं असं मला म्हणायचं नाही. ते पोचावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजून गिळता येत नाही. किंग यांच्या खुनासाठी शिक्षा भोगत असलेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन तुरुंगात भेटत राहिले आणि 1978 मध्ये त्याचं लग्न त्यांनीच लावलं. मी तीनदा वाचलं. हे मला जमलं नसतं. जमावं असंही वाटत नाही.

दुपारी साडेचारला पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडं ठेवून शेवटचे तीन धपाटे काढले. कडक झाले होते. मुलीने विचारलं, ‘‘बाबा, तुमची आजी दीक्षेला चालत आली म्हणता. सोबत कोण होतं? किती दिवस लागले? खायला काय बांधून घेतलं होतं?’’

मी म्हणालो, ‘‘माहीत नाही.’’

‘‘तुम्ही विचारलं नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘तुमची मोठी आत्या होती ना तेव्हा?’’

होती. नऊ वर्षांची होती आणि आईचं बोट धरून चालली होती, एवढं तिच्याकडून ऐकलं आहे. म्हणजे तिला आठवत असणार. मी फोन काढून तिचा नंबर लावला. दोन रिंगा झाल्यावर बायकोने फोन हातातून काढून घेतला. तिकडे पहाटेचे तीन वाजले होते.